अप्पांच्या टोप्यांना लागलेली कसर

३ नोव्हेंबर, सोमवार

येलदरीला पोचले. जिंतूरहून आलेली एसटी वळणावर आली आणि एकदम धरणाचं पाणीच पाणी दिसलं. सोनपेठहून इतका लांबचा प्रवास केल्याचा शीण गेला. बसम्माआजी फाटकातच उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, डोईवर पदर घट्ट ओढलेला. हातपाय धुवायच्या आत गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं आली.

त्यांचे यजमान ईश्वरअप्पा इथल्या वीजघरात नोकरीला होते. टोप्यांचा त्यांना भारी शौक. हैदराबादेतून आणलेली करडी, काळ्या गोंड्याची लाल रुमी, बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं दिलेली हिरवी. सगळ्या फेल्टच्या, म्हणजे लोकर आणि सशाची लव दाबून केलेल्या. अप्पा गेल्यावर टोप्यांना कसर लागली. मुलगा श्रीशैल पुण्यात असतो. वडिलांच्या टोप्या काचेच्या कपाटात मांडायच्या असं त्याच्या मनात आहे. संभाजीनगरच्या संग्रहालयात मी जुनं कापड सांभाळायचं काम केलंय, म्हणून त्यानं मला बोलावलं. राहायचं इथंच, आजींच्या सोबतीला. मला घर आवडलं.

५ नोव्हेंबर

टोप्यांची खोली मागच्या बाजूला आहे. दार उघडलं की गव्हाच्या कोंड्याएवढे सोनेरी पतंग उजेडापासून पळतात आणि घड्यांत शिरतात. पतंग काही खात नाही. खाते ती अळी. घामाची जागा तिला विशेष आवडते, त्यामुळे टोप्या आतल्या पट्टीपासून कुरतडल्या गेल्यात.

एकेक टोपी उन्हात धरून मऊ ब्रशनं झाडली, पिशवीत बंद केली आणि श्रीशैलनं पाठवलेल्या डीप-फ्रीजरमध्ये ठेवली. गारठ्यानं अंडीसुद्धा मरतात. कोपऱ्यात पडलेल्या कुरतडलेल्या कानटोप्या फेकून दिल्या, खोली पुसून डांबराच्या गोळ्या टाकल्या.

आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "समद्या नको कोंडू, राजेश्री. दोन-चार तरी त्येंच्यासाठी ऱ्हाऊ दे."

मला हसू आलं. म्हातारपणी जीव कशातही अडकतो.

१० नोव्हेंबर

खोलीत खायला काही उरलं नाही, तरी पतंग वाढलेत. आजींच्या घोंगडीची चाळण झाली. माझ्या ब्रशचे केस बुडापासून गेले. श्रीशैलला फोन केला. तो म्हणाला, टोप्या सुरक्षित आहेत ना, मग झालं. आजींनी आज जेवणाला हात लावला नाही. सारख्या माझ्या वेणीकडे बघतात.

१३ नोव्हेंबर

आज न्हाणीत आजींचा तोल गेला. धरायला धावले तेव्हा डोईवरचा पदर निसटला. केस नाहीत. डोक्यावर सगळीकडे बारीक, उथळ खळगे. टोप्यांना आतून आहेत, अगदी तसेच.

मग त्यांनी सांगितलं. अप्पा गेले त्या वर्षी आजींनी स्वतःच खोली धुऊन औषध मारलं होतं. टोप्या पेटीत बंद केल्या. थोड्याच दिवसांत कसर त्यांच्या डोक्यात उतरली. टोप्या परत मांडल्या तेव्हा ती हटली. तेव्हापासून त्या दर हिवाळ्यात जिंतूरच्या बाजारातून लोकरीच्या कानटोप्या आणून त्या खोलीत टाकतात. अप्पांच्या टोप्या वाचाव्यात आणि माणसंही वाचावीत म्हणून. मुलाला सांगितलं नाही. त्यानं वेड्यात काढलं असतं.

मी काढलं नाही. आज सकाळी माझ्या उशीवर वेणीचा तुकडा पडला होता.

१४ नोव्हेंबर

फ्रीजर उघडून सगळ्या टोप्या मांडल्या. करडी, लाल, हिरवी, सगळ्या. हात जोडले. कुणाला जोडले, माहीत नाही.

पतंग एकीलाही शिवले नाहीत. आजी म्हणाल्या, आता त्यांना ताज्याची सवय लागली.

१५ नोव्हेंबर

पळाले. अंघोळ करून, नवे कपडे घालून स्टँडवर गेले. शेजारच्या बाईच्या कडेवरचं लेकरू माझ्या ओढणीशी खेळायला लागलं. ओढणीवर कसरीच्या अळीची पांढरी रेशमी नळी. हलत होती. लेकराच्या बोटापासून इतकीशी दूर.

घरी धाकट्या बहिणीचं बाळंतपण झालंय. बाळाला दाट जावळ आहे. आईनं फोटो पाठवला होता.

बस आली. मी चढले नाही. परत आले.

१६ नोव्हेंबर

केस मुळापासून कापले. चुलीत घातले. भुवया गेल्या. रॉकेल चोळलं, कडुलिंबाचा पाला वाटून लावला — आग होते, ते जात नाहीत. श्रीशैल येतो म्हणाला, सोबत मुलीला आणतो म्हणाला. मी ओरडले, येऊ नको. त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावते — उचलत नाही.

१७ नोव्हेंबर, दुपार

आजी करडी टोपी घालून त्या खोलीत गेल्या. आतून कडी लावली.

दारातून म्हणाल्या, "मी लय जगले. त्येंचं पोट माझ्यावर भरायलंय तवर तू नीघ. अंगावरचं समदं जाळ अन् नीघ."

दार धडकवलं. विनवलं. म्हणाल्या, "जा, पोरी."

आतून आवाज — रेशमाचे किडे पाला खातात तसा —

माझ्या अंगावर एकही नाही. सगळे दाराखालून आत चाललेत. जायला हवं. आत्ताच. कसं जाऊ, त्या एकट्या —

आवाज थांबला.

पहार घातली. कडी तुटली. आजी स्टुलावर बसल्यात, ताठ. टोपी शाबूत आहे. एकही नवं भोक नाही. टोपीखाली चेहराच नाही, नुसते पतंग —