पलीकडचा तुकडा

बाबा, आज वर्गात मी पाण्याखालच्या डोंगररांगा शिकवल्या आणि तुझी आठवण आली. माया नाही आली, नुसती आठवण. एका मुलीने विचारलं, जमीन तुटली तर समुद्रात डोंगर कसा उरतो? कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत काशीदच्या घरी चुलीपाशी तुला जे सांगितलं होतं, तेच तिला सांगितलं. तेव्हा तांदळाची भाकरी दोन्ही हातांनी ओढत मी म्हणाले होते, बघ बाबा, खंड एकदम तुटत नाही. आधी ताणला जातो, पातळ होतो. एका बाजूला चीर पडून समुद्र आत शिरतो, मग ती चीर थंडावते आणि दुसऱ्या बाजूला नवी उघडते. मधली पट्टी ना इकडची ना तिकडची. ती खचते, खालून आलेला लाव्हा तिच्यावर पसरतो आणि ती पाण्याखाली डोंगररांग होऊन राहते. आपल्या अरबी समुद्रातही आहे अशी एक, पार खोल पाण्यात. आई भाकरी थापायची थांबून ऐकत होती. तू भाकरीची ती मधली पट्टी माझ्या हातातून घेऊन मांजरापुढे टाकलीस आणि म्हणालास, "दर्या मला शिकवू नको. तुझा पाय कवा होडीला लागलाय?"

लागला होता. नवव्या वर्षी, नारळी पौर्णिमेला, नव्या होडीला हार घालायला मी चढले होते. तू दंडाला धरून खाली ओढलंस आणि सगळ्या कोळीवाड्यासमोर माझा पाय लागलेली फळी बादलीभर पाण्याने धुतलीस. बाईचा पाय लागला की मासळी जाते, हे आपल्या घरात देवापेक्षा पक्कं. त्या वर्षी मासळी रग्गड मिळाली, त्यावर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

मग तू अंथरुणाला खिळलास. मी तुझं सगळं केलं. लोक म्हणाले, लेक असावी तर अशी. एका दुपारी तू हळूच म्हणालास, "पोरी, त्या पट्टीचं सांग ना. पलीकडचा तुकडा कुठं गेला?"

उत्तर मला येत होतं. दूर नैऋत्येला, सेशेल्सची बेटं झाली त्याची. मी तुझी चादर नीट केली आणि म्हणाले, "मला काय ठाऊक? मी कुठं होडीत चढते?" तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. तिसऱ्या दिवशी गेलास.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर लिहिलंय, पण तू ते कधीच वाचणार नाहीस याची खात्री आहे म्हणूनच. आणि आता खरं सांगते, तू तोंड फिरवलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं.