पानभर ‘ठीक’

९ ऑक्टोबर १९९७, गुरुवार

सहा गॉगल! कोरे करकरीत, प्लास्टिकच्या पिशवीतले सहा गॉगल पद्मनाभच्या कपाटात कुलपात पडलेत आणि बाहेर दहा माणसं उघड्या डोळ्यांनी ठिणग्या झेलतायत. आज परत मागितले. “अक्का, इन्स्पेक्टर बंदाग कोडोणा.” इन्स्पेक्टर आला की देऊ, म्हणे! आणि हा आमचा सुपरवायझर. डोळे कुणाचे वाचवायचे आहेत याला, कामगारांचे की इन्स्पेक्टरचे?

ड्रिलला प्लग नाही. दोन उघड्या वायरी सॉकेटात खुपसायच्या आणि निसटू नयेत म्हणून वरून आगपेटीच्या काड्या ठोकायच्या. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून इतकं पसरलंय की कधी कपची उडून कुणाच्या गळ्यात बसेल सांगता येत नाही. पद्मनाभला सांगितलं की मान हलवतो. “सरी अक्का, सरी.” बरं म्हणे! काय सरी? कपाळ सरी!

नऊ वर्षं यशवंतपूरच्या या वर्कशॉपात हत्यारांची खिडकी सांभाळते आहे. हत्यार द्यायचं, माणसाचा पितळी बिल्ला घेऊन खिळ्याला टांगायचा, रजिस्टरात नोंद करायची. नऊ वर्षांत एक बिल्ला इकडचा तिकडे झालेला नाही. ‘स्थिती’ नावाचा एक रकाना आहे, त्यात मी सकाळीच पानभर ‘ठीक ठीक ठीक’ लिहून ठेवते. नाहीतर खिडकीशी ही रांग लागते, आणि मग बोंब माझ्याच नावानं.

उद्या आयुधपूजा. सगळे पाच वाजता पळाले, कल्लाप्पा तेवढा थांबला. चाकं, गार्ड, पाने — सगळं सोडवून एकटा रॉकेलनं घासत बसला होता. बेळगावकडचा आहे. त्या कानडी-तमिळ गोंगाटात माझ्याशी मराठीत बोलणारा एवढाच. “अक्का, वर्सातनं एकदा तरी आंघोळ नको व्हय ह्यास्नी?” दिवसभरात तेवढीच एकदा हसले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ज्या ड्रिलला प्लग नाही त्याला हळदकुंकू! ज्या ग्राइंडरपुढे बसायला गॉगल नाही त्याला झेंडूची माळ! मालक सहकुटुंब आले, गाडीच्या चाकांखाली लिंबं चिरडली, फाटकात कोहळा फोडला. दृष्ट निघाली म्हणे. कोहळा तसाच रस्त्यावर. उद्या कुणाची तरी स्कूटर त्यावरून घसरेल.

आरतीचं ताट आणायचं काम पद्मनाभचं होतं. तो विसरला. कडलेपुरीची, म्हणजे चुरमुऱ्यांची, पोती आणायला बरा विसरला नाही! मालक घड्याळ बघत उभे, मालकीणबाई पदर सावरत उभ्या, आणि कापूर लावायला ताट नाही. शेवटी धुतलेल्या सामानातलं हाताला लागलं ते पत्र्याचं काहीतरी ओढलं, त्यावर कापूर पेटवला आणि पद्मनाभकडे बघतच आरती केली. देवानं त्या आरतीत काय ऐकलं असेल देव जाणे.

बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. समई, घंटा, निरांजन, सगळं घरून नेलेलं. ती जड पिशवी पोटाशी धरून चामराजपेटपर्यंत आले. आल्या आल्या ह्यांच्या हातात दिली, माळ्यावर टाका म्हटलं. हे म्हणाले, “धुऊन तरी ठेव गं.” दिवाळीला काढीन तेव्हा धुवीन! माझी कंबर आहे की लोखंडाची कांब?

१३ ऑक्टोबर, सोमवार



दोन दिवसांच्या सुटीनंतर आज सगळे एकदम खिडकीशी. उद्या माल जायचा म्हणून पद्मनाभ घाई घाई करत माझ्या डोक्यावर उभा. मीही सोडलं नाही. गॉगल काढा म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा. तो तिकडून ओरडतोय, मी इकडून. त्याच्याशी भांडत भांडतच सगळ्यांना हत्यारं दिली.

दुपारी दोनच्या सुमाराला बार उडाल्यासारखा आवाज झाला. कल्लाप्पाच्या ग्राइंडरचं चाक फुटलं. तीन नंबरचा ग्राइंडर. मी पोचले तेव्हा तो खाली बसला होता आणि आपल्या डाव्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत होता. ओरडला नाही. मी ओरडले. पदर फाडून बांधला, रिक्षात घातला. रिक्षावाला सीट खराब होईल म्हणाला! त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चाकावर गार्ड नव्हता. पत्र्याचं अर्धगोल झाकण असतं ते. चाक फुटलं तर तुकडे त्यावर आपटतात, माणसावर नाही. तेवढ्यासाठीच असतं ते. आणि तेच नव्हतं.

१४ ऑक्टोबर

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तिसऱ्याचं डॉक्टर सांगत नाहीत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पद्मनाभनं अहवाल लिहिला. ‘कामगाराने कोपऱ्यात काम करण्यासाठी गार्ड स्वतः काढला.’ कोण म्हणालं? कुणी पाहिलं? “सगळेच काढतात, अक्का. मध्ये येतो गार्ड.” सगळे काढत असतील. कल्लाप्पा नाही काढत! पान्याचं टोक झिजलं तरी मला आणून दाखवणारा माणूस आहे तो.

आणि काढला म्हणावं तर गार्ड गेला कुठे? त्याच्या जागेजवळ नाही, भंगारात नाही, झाडलोटीत नाही. मी स्वतः गुडघ्यांवर बसून मशीनखाली हात घालून पाहिलं. पद्मनाभ वर उभा राहून चहा पीत होता.

यात मेख अशी आहे: गार्ड स्वतः काढला असं ठरलं तर कल्लाप्पाला भरपाई नाही आणि नोकरीही नाही. आठ बोटांच्या फिटरला दुसरीकडे कोण उभं करणार आहे?

आणि तेच गॉगल आज खिळ्याला टांगलेत! सहाच्या सहा! कुणीतरी बोटं दिली तेव्हा कपाट उघडलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मी पहिल्यापासून लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

सुटल्यावर हॉस्पिटलात गेले. मोसंबी नेली. त्याची बायको गंगव्वा उशाशी बसली होती. कल्लाप्पा शुद्धीवर, हात एवढा मोठा गुंडाळलेला. म्हटलं, कल्लाप्पा, घाबरू नकोस, तू गार्ड काढलेला नाहीस हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

तो म्हणाला, “काढला न्हाईच की अक्का. तुम्ही दिला तवाच नव्हता.”

मला वाटलं, गुंगीत बोलतोय.

“पूजा झाल्यावर सगळं जोडलं मी. तीन नंबरचा गार्ड गावला न्हाई. सोमवारी म्हटलं तुमास्नी खिडकीत — अक्का, गार्ड न्हाई ह्याला. तुम्ही पद्मनाभासंगं भांडत होता. म्हटलासा, ने ने, उशीर करू नको. मग मी म्हटलं, अक्कानं दिलंय म्हंजे ठीकच असंल.”

मी? मी गार्डशिवाय ग्राइंडर दिला? मी, जी गेली नऊ वर्षं गार्ड गार्ड करून सगळ्यांचे कान किटवते? आणि हा मला सांगतो म्हणे, आणि मला ऐकू येत नाही! मोसंबी ठेवली आणि उठले. गंगव्वा दारापर्यंत आली, मी मागे वळून पाहिलं नाही.

ज्याच्यासाठी अख्ख्या वर्कशॉपशी वैर घेतलं तोच माझ्या अंगावर ढकलतो! पद्मनाभचा राग येतो तो चालतो, सवयीचा आहे. हा राग वेगळाच आहे.

१७ ऑक्टोबर

जेवले नाही. कल्लाप्पाचा बिल्ला, नंबर सतरा, अजून खिळ्यावर आहे. ग्राइंडर परत आला नाही तर बिल्ला काढायचा नाही, हा नियम माझाच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

जबाब दिला. पद्मनाभनं कागद पुढे केला. मी म्हटलं, तू लिहू नकोस, माझं मी लिहीन. लिहिलं — ग्राइंडर नंबर तीन दिला तेव्हा गार्डासह ठीक स्थितीत होता. रजिस्टरातलं तेरा तारखेचं पान जोडलं आहे. खाली सही.

रजिस्टर स्पष्ट आहे. शाईनं लिहिलंय ‘ठीक’. कागद खोटं बोलत नाही.

पद्मनाभ म्हणाला, “थँक्स, अक्का.” नऊ वर्षांत पहिल्यांदा! तुझे थँक्स तुझ्या गॉगलांशेजारी टांग म्हटलं. तरीही हसत होता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

कल्लाप्पाला काढलं. टाइप केलेलं पत्र. त्यात माझं नाव आहे, ‘स्टोअरकीपर श्रीमती कौशल्या यांच्या जबाबानुसार’.

दुपारी गंगव्वा खिडकीशी आली. त्याचा डबा आणि कामाचा शर्ट न्यायला. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, मी तयार होते. ती भांडली नाही. शर्टाची नीट घडी घातली, डबा उघडून पाहिला. त्या सोमवारची भाकरी होती त्यात, बुरशी आलेली. ती पदरात घेतली. मग म्हणाली, “घरात पण अक्काच म्हणत हुते तुमास्नी. पोरांस्नी सांगायचे, अक्काच्या हातनं आलेलं हत्यार तपासायला लागत न्हाई.”

एवढंच बोलून गेली. मी खिडकी धाडकन लावून घेतली. जेवायची सुटी नव्हती, तरी लावली.

२२ ऑक्टोबर

आज ‘स्थिती’चा रकाना सकाळी भरला नाही. एकेक हत्यार हातात घेऊन, बघून लिहिलं. रांग फाटकापर्यंत गेली. पद्मनाभ ओरडला. ओरडू दे. बेचाळीसपैकी अकरा हत्यारांपुढे ‘ठीक’ लिहिता आलं नाही. अकरा! कालपर्यंत हीच अकरा ‘ठीक’ होती.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

इन्स्पेक्टर बुधवारी, २९ला येणार. अकरा वाजता. सगळ्यांचे जबाब तोंडी घेणार. कल्लाप्पालाही बोलावलंय. पद्मनाभनं लगेच ड्रिलला प्लग बसवला. अडीच मिनिटं लागली. नऊ वर्षं मागत होते मी!

२६ ऑक्टोबर, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. हे बँकेत कारकून, सत्तावीस वर्षं खातेवह्या तपासण्यात गेली. ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “कौशल्या, ते ‘ठीक’ तू कधी लिहिलंस? हत्यार देताना, की आधी?”

म्हटलं, तुम्ही माझ्या बाजूनं आहात की त्याच्या?

“मी रजिस्टराबद्दल विचारतोय.”

पानं वाढून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. मला राग आला आहे. सगळ्यांचाच आला आहे. पद्मनाभचा, मालकांचा, ह्यांचा, त्या मेल्या गार्डाचा. कल्लाप्पाचा तर सर्वांत जास्त. अक्कानं दिलंय म्हणजे ठीकच असेल — असं कुणी वागतं का? आपला हात, आपली बोटं, आपण बघून घ्यायला नको? माझ्यावर इतका भरवसा ठेवायला सांगितलं होतं कुणी?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

परवा नरकचतुर्दशी. निरांजनं घासायची म्हणून माळ्यावरून पूजेची पिशवी काढली. समई, घंटा, वाळलेला झेंडू. तळाशी तो गार्ड. मधोमध कापराची काजळी, कडेला पांढऱ्या रंगात ३.

हाताला लागलं ते पत्र्याचं काहीतरी! काय आहे ते मला तेव्हाच कळलं होतं. आरती झाली की कल्लाप्पाला परत देते, असं मनात म्हटलेलंही आता आठवतं. सोमवारी खिडकीत त्यानं “अक्का” म्हणून मारलेली हाकही आठवते.

काजळी पुसलेली नाही. डब्याच्या पिशवीत ठेवला आहे. डबा त्यात मावत नाही, राहू दे. सकाळी आधी कल्लाप्पाच्या घरी, मग अकरा वाजता इन्स्पेक्टरपुढे.