उत्तरतालिकेला वीसपैकी अठरा

ती. आत्याबाईंना सविनय नमस्कार.

तुम्ही एकतीस वर्षे मुख्याध्यापिका होतात. तुम्हाला आपण होऊन पत्र लिहिणे म्हणजे न विचारता कार्यालयाचे दार ढकलण्यासारखेच आहे. या आगाऊपणाबद्दल प्रथम क्षमा मागते. गुडघा आता कसा आहे? इकडे आई-बाबा कुशल आहेत, दादा कुशल आहे आणि वहिनी तर जरुरीपेक्षा जास्त कुशल आहे. पत्राचा विषय तोच.

शाळेतून आल्यावर मी गल्लीतल्या मुलांना निसर्गफेरीला नेत असे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (परसातून पाण्याच्या टाकीपर्यंत, उंचीनुसार रांग, हातात वही, बोलायचे नाही.) मागच्या महिन्यात मी आठवडाभर तापाने पडले, तेव्हा वहिनीने "मी नेते की!" म्हणून मुले नेली, ती अद्याप परत केलेली नाहीत. पाचांची अकरा झाली. रांग नाही, वही नाही. मला खिडकीतून नुसते खिदळणे ऐकू येते. वहिनी विज्ञान शिकलेली नाही, ती ब्लाउज शिवते. मी मात्र (स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण) पहिलीपासून पदवीपर्यंत पहिला क्रमांक सोडलेला नाही.

परवा सातवीला ‘कीटक’ शिकवत होते. फळ्यावर मुंगी काढली, तिला सहा पाय काढले, तोच आमच्याच गल्लीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमच्या फेरीच्या काकू सांगतात, आधी पाय मोजायचे, मग नाव घ्यायचं." वर्ग हसला. निरीक्षणासाठी मागच्या बाकावर बसलेले मुख्याध्यापकही हसले. मधल्या सुट्टीत माझा डबा तसाच राहिला, कारण मी प्रश्नपत्रिका काढत होते: गुण वीस, फेरीतल्या सर्व मुलांना सक्तीची. वहिनीचे अज्ञान मुलांच्या उत्तरांतून उघडे पडावे, हा हेतू. (तुमच्यापासून काय लपवायचे!)

संध्याकाळी परसात चाचणी झाली. वहिनीही हौसेने बसली. गिऱ्हाइकाची मापे लिहिलेल्या कागदाच्या पाठीमागे तिने उत्तरे लिहिली. सातवा प्रश्न दोन गुणांचा होता: ‘कुंपणाच्या खांबावर फिरणाऱ्या कीटकाचे नाव व पायांची संख्या लिहा.’ माझी उत्तरतालिका: मुंगी, सहा. अकरा मुले आणि वहिनी: कोळी, आठ. मी बारा कागदांवर बारा लाल फुल्या मारल्या, त्याही आनंदाने. तेव्हा वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, मोजा तरी! पुढचे दोन पाय मिशांसारखे नाचवतोय लबाड." भिंग आणून मोजले. आठ. मुंगीचे सोंग घेतलेला कोळीच होता तो; शेवटी तर धाग्याला लोंबकळून त्याने उरलीसुरली शंकाही दूर केली. (म्हणजे प्रश्नातला ‘कीटक’ हा शब्दही चुकलाच.) बारा फुल्या खोडल्या. वहिनीला वीसपैकी वीस, उत्तरतालिकेला अठरा. आत्याबाई, मी आयुष्यात प्रथमच दुसरी आले. वर वहिनी म्हणते, "अठरा म्हणजे छानच की!"

तरी नम्र विनंती, की वहिनीला दोन महिने तुमच्याकडे राहायला बोलवावे. तुमच्या शिवणाचीही सोय होईल.

तुमची आज्ञाधारक भाची

ता. क. दोन महिने फार होतील. पंधरा दिवस पुरे.

दुसरा ता. क. बोलावूच नये. त्याऐवजी वहिनीला एक ओळ लिहावी, की आमच्या भाचीलाही संध्याकाळी बरोबर नेत जा. कल्पना तुमचीच आहे असे भासवावे. मला तोंडाने विचारवत नाही. मी रांगेत शेवटी उभी राहीन. (रांग नसते हे ठाऊक आहे, तरीही.)

तिसरा ता. क. वहिनी आत्ताच दारात येऊन म्हणाली, "वन्सं, पाकीट टाकायचंय ना? आम्ही पेटीवरूनच जातोय, चला!" म्हणून हे पत्र तिच्याबरोबर जाऊनच टाकत आहे. वरची विनंती मात्र कायम समजावी, कारण उद्या टाकायला माझ्याजवळ पत्र नसेल.

दि. १४ ऑक्टोबर, सायंकाळी ६ वाजून १० मिनिटे.