ग्लॅडिसच्या तोंडातलं माझं बोलणं

६ सप्टेंबर १९७६, सोमवार

ते वाक्य माझं होतं! माझं!

इस्टरला माझा नवरा क्लिफर्ड चष्मा शोधत घरभर फिरत होता. चष्मा कपाळावर. मी बटाटे सोलता सोलता म्हटलं, "तू डोळे उघडे ठेवून झोपतोस नि मिटून शोधतोस." झालं, विसरले. आणि आज टीव्हीवर 'आज हॅडॉक नाही' लागलं, तर ऑड्री केट्लवेल - म्हणजे मालिकेतली ग्लॅडिस, माझ्या नवऱ्याची टीव्हीवरची बायको - मासे तळायच्या कढईमागे उभी राहून, कमरेवर हात ठेवून तेच म्हणाली. अक्षर न् अक्षर. लोक इतके हसले की क्लिफर्डला पुढचं वाक्य बोलायला थांबावं लागलं.

मी खुर्चीवरून उठलेच. "हे मी म्हटलं होतं!"

"हो का?" शेजारी बसलेला क्लिफर्ड म्हणाला. "आर्नल्डने लिहिलंय ते."

पण कान लाल झाले होते.

७ सप्टेंबर, मंगळवार

खाटकाकडे गेले. मिस्टर ग्रीव्ह्ज चॉप बांधता बांधता हसतोय, हसतोय. "ओल्डरॉइडबाई, काल पाहिलंत? डोळे मिटून शोधतोस म्हणे! काय जीभ आहे हो त्या ग्लॅडिसची! तुमचं बरं, तुम्ही आपल्या शांत."

शांत!

चॉप करपवले. मुद्दाम नाही. पण वाईटही वाटलं नाही.

१२ सप्टेंबर, रविवार

नणंदेचा फोन. म्युरिएलला बातमी द्यायची असली की आवाज मधाळ होतो. "पेपरात फोटो बघितलास का गं? क्लिफर्ड आणि ऑड्री. ब्रॅडफर्डला गालिच्याच्या दुकानाचं उद्‌घाटन केलं त्यांनी. हातात हात घालून उभे आहेत. किती शोभतात, नाही?"

फोटो पाहिला. शोभतात. तेच तर!

हा माणूस पावाची गाडी चालवायचा तेव्हा मी त्याच्याशी लग्न केलं. स्कारबरोच्या समुद्रकिनारी उन्हाळी हंगामात तो पावसाळी दुपारी बारा म्हाताऱ्यांपुढे विनोद करायचा तेव्हा मागच्या रांगेत बसून मोठ्याने हसणारी मी. भाड्याच्या खोलीत बेसिनमध्ये त्याच्या कॉलरी धुणारी मी. मग वर्षानुवर्षं टीव्हीवर दार उघडणारा पोलीस, दार बंद करणारा पोलीस. डोक्याचे केस गेले तेव्हा कुठे नशीब उघडलं. आणि आता त्याच्या हातात हात कुणाचा? जिची त्याच्याशी ओळख होऊन दोन वर्षं झाली, त्या बयेचा.

घरी तो बोलतो काय? आज जेवताना: "मीठ." नंतर: "आणखी ग्रेव्ही आहे?" संपलं. तिकडे मात्र सगळा देश त्याच्या बोलण्यावर लोळतो.

१३ सप्टेंबर, सोमवार

आजच्या भागात आणखी दोन! "टोपी चांगली आहे, पण तिला तुझं डोकं मानवलेलं दिसत नाही" - हे मी म्युरिएलला म्हटलं होतं, नाताळात. आणि "सर्दी झालीय तुला, मृत्युपत्र कसलं करतोस?" - हे तर आमच्या बेडरूममधलं!

बेडरूममधलं!

म्हणजे आर्नल्डला कोण सांगतो ते उघड आहे. ठरवलं. आता तोंडच उघडायचं नाही.

१५ सप्टेंबर, बुधवार

हो. नाही. चहा झालाय. बाहेर ढग आहेत. - एवढंच बोलते. क्लिफर्डने दोनदा विचारलं, "बरं नाही का तुला?"

"बरी आहे."

२७ सप्टेंबर, सोमवार

आज गंमत झाली. सकाळी क्लिफर्ड स्वतः टोस्ट भाजायला उभा राहिला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! मुद्दाम काळाकुट्ट केला. बशीत ठेवून माझ्यासमोर आणला आणि उभा राहिला - कुत्रं बिस्किटाची वाट बघतं तसा.

माझ्या जिभेवर चार वाक्यं आली. एकापेक्षा एक. गिळली.

"करपलाय," म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. कोट घालून तालमीला गेला. टोस्ट मी खाल्ला. कडू होता, पण गोड लागला.

६ ऑक्टोबर, बुधवार

लेखक स्वतः दारात! आर्नल्ड. बिस्किटांचा डबा घेऊन. माझ्याकडे डॉक्टरसारखा बघतोय. "एनिड, सगळं ठीक ना? क्लिफर्ड म्हणाला तू हल्ली... जरा गप्प असतेस."

"बिस्किटं छान आहेत," मी म्हटलं.

बिचारा अर्धा तास बसला. गेल्या शुक्रवारच्या चित्रीकरणात लोक फारसे हसले नाहीत म्हणे. मी आणखी एक बिस्कीट घेतलं.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

स्टुडिओत गेले. न सांगता. प्रेक्षकांच्या रांगेत हॅलिफॅक्सहून आलेल्या बायकांच्या घोळक्यात बसले. बघायचंच होतं, ती दोघं कॅमेरा बंद असताना काय करतात.

काही नाही! तो एका कोपऱ्यात सँडविच खातो, ती दुसऱ्या कोपऱ्यात पाय चोळते.

पण ऑड्रीने मला पाहिलं. चित्रीकरण संपल्यावर मेकअपच्या खोलीत बोलावून घेतलं. अर्धा रंग पुसलेला, एक गाल ग्लॅडिसचा, एक तिचा. मी भांडायची तयारी करून गेले होते.

"बाई गं, तू बोलणं का बंद केलंस?" ती म्हणाली. "आमचा जीव जातोय इथे!"

"माझं मी बोलेन नाहीतर गप्प बसेन."

"ते खरंच. पण तुला सांगू? हा माणूस माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. तालमीला आला की पहिलं वाक्य - 'आज एनिड म्हणाली...' आणि मग हसत सुटतो. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मला इतका हेवा वाटतो तुझा! घरी माझी आई, ती बहिरी. माझ्या बोलण्यावर असं कोण हसलंय?"

माझा हेवा!

हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.  तो हसतो तर! डोळ्यांत पाणी येईस्तोवर! पण तिच्यासमोर. तालमीच्या त्या कोंदट हॉलमधल्या खुर्च्यांनी त्याचं हसू पाहिलंय, मी नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

विचारलं त्याला. सरळ. "माझ्यासमोर का नाही हसत?"

चहात चमचा फिरवला. मग म्हणाला, "हसलो असतो तर तुला कळलं असतं की ते विनोदी आहे. मग तू मुद्दाम बोलायला लागली असतीस. माझ्यासारखी."

"म्हणजे विहीर आटू नये म्हणून विहिरीला सांगायचं नाही की पाणी गोड आहे?"

त्याचे ओठ हलले. मी पाहिलं! दाबलं त्याने.

"हस ना, मेल्या!" मी ओरडले आणि भांडी पुसायचं फडकं फेकून मारलं. तो हसला नाही. खिशाकडे हात गेला, पेन्सिलीकडे - टिपून घ्यायला. तेवढ्यात मी घराबाहेर पडले.

२ नोव्हेंबर, मंगळवार

मार्ग सापडला. आता रोज सकाळी क्लिफर्ड बाहेर पडला की मी ऑड्रीला फोन करते. थेट! ती लिहून घेते, आर्नल्डला देते. क्लिफर्डला शेवटी कळतं, कागद हातात पडल्यावर.

ती काय हसते! फोन कानापासून लांब धरावा लागतो. मधूनच म्हणते, "थांब, थांब, आईला ओरडून सांगते." मग तिकडून म्हातारीचं खोकल्यासारखं हसू. परवा आम्ही तासभर बोलत बसलो, त्यातलं एकही वाक्य मालिकेसाठी नव्हतं. तिने पाय दुखतात ते सांगितलं. मी स्कारबरोच्या बेसिनचं सांगितलं.

अजून तिचा राग येतोच. फोटो बघितला की येतो. पण फोन वाजला की मी धावते.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑड्री चहाला आली होती. आम्ही स्वयंपाकघरात हसून हसून टेबल धरून बसलेल्या. क्लिफर्ड दारात आला. "काय झालं?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदम.

 मग म्हणाला, "मलाही सांगा ना." हा चेहरा मी ओळखते. गेली दोन वर्षं रोज सकाळी आरशात बघत होते.

नाही सांगितलं.

२४ नोव्हेंबर, बुधवार

ऑड्री गेली. मोटरवेवर धुकं, पुढे ट्रक थांबलेला. ती एकटीच गाडीत होती.

आर्नल्डचा फोन क्लिफर्डने घेतला.  मी म्हातारीकडे गेले. तिच्या कानात ओरडून सांगावं लागलं. दोनदा.

३० नोव्हेंबर, मंगळवार

चर्चबाहेर अनोळखी लोकांची गर्दी. एक बाई फुलं घेऊन पुढे आली, क्लिफर्डचे दोन्ही हात धरून रडायला लागली - "तुमची बायको गेली हो! आता तुमचं कसं होणार?" क्लिफर्ड माझ्याकडे बघायला लागला. मीच पुढे होऊन फुलं घेतली. म्हटलं, "हो ना. फार गोड होती."