बाबा आणि गंधतन्मात्रा

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, जमिनीवर बाबांची पुस्तकं पसरली आहेत.) तुझी पाठ आणि भावजींचा रक्तदाब ठीक असेल असं धरून चालतो, कारण विचारायला उसंत नाही.

बाबांनी सांख्यदर्शन हाती घेतलंय. साबणाच्या कारखान्यात उभा जन्म सुगंधी तेलं हुंगण्यात गेला, तेव्हा निवृत्तीनंतर नाकाला विश्रांती देतील अशी आमची भाबडी समजूत. कसचं काय! रोज जेवताना ऐकावं लागतं की शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म तत्त्वं म्हणजे तन्मात्रा. पृथ्वी गंधापासून झाली, गंध पृथ्वीपासून नव्हे. आणि तन्मात्रेत सुगंध-दुर्गंध हा भेदच नसतो. (मग मोजे धुवायलाच नकोत, असं तुझी भावजय वैतागून म्हणाली. ते त्यांनी मनावर घेतलं.) परवा शेजारी बसून दूध करपू दिलं, वर स्थूल वासात आपण आता गुंतत नाही म्हणाले. आंबलेली डाळ मिटक्या मारत जेवले आणि आम्हाला वैराग्य नाही म्हणून आम्हालाच सुनावलं.

मंगळवारी कहर झाला. कामावरून आलो तर जिन्यातच गॅसचा उग्र वास. आत चहा उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस चालूच, बाबा बाजूला पुस्तकात बुडालेले, आणि अंधारलं म्हणून हात दिव्याच्या बटणाकडे चाललेला. तो हात धरला, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांना ओढत बाहेर आणलं आणि नको नको ते बोललो. तन्मात्रांचाही उद्धार केला.

ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "अरे, मला वासच येत नाही. मागच्या वर्षी ताप आला होता ना, त्यात गेला तो गेला. नाकावर घर चालवलेल्या माणसानं हे सांगायचं कुणाला?"

ताई, धड भांडायचीही सोय उरली नाही बघ. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. रोज लवंग, लिंबू हुंगा. बाबा हुंगतात आणि आठवणीतून इतकं हुबेहूब वर्णन करतात की खरं काय ते कळत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. दोन महिने त्यांना तुझ्याकडे ने. माझं डोकं पिकलंय.

आणखी ता. क. नेऊ नकोस. नाकाचं तुला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातलीय, तेव्हा हे पत्र तुला पोचलेलंच नाही. रविवारी फोन कर आणि तन्मात्रा म्हणजे काय, ते त्यांनाच विचार. मधूनमधून 'हं' म्हण. आम्ही तेवढ्यात जेवून घेऊ.