क्षिप्राची भरतीची वही

मी, अनुसूया हरी मोघे, वय शहात्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार हरिहरेश्वराजवळ, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने आणि माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. रचना पाटील यांनी दिला आहे. मी त्यांना एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवला, त्यांनी मागितला नव्हता तरी. गुडघे मात्र गेले आहेत आणि हृदयाचाही भरवसा राहिलेला नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी मुलीला दागिने देऊन मोकळी झाले होते.

१. राहते घर मुलगा सुयश याला. तो नवी मुंबईत असतो आणि इथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या म्हणतो. काढू दे. फक्त पाटीवर समुद्र दिसतो असे लिहू नये. या घरातून समुद्र दिसत नाही, मी बावन्न वर्षे पाहते आहे.

२. नारळ-सुपारीची वाडी, विहिरीसह, मुलगी क्षिप्रा हिला. कोणतीही अट नाही. तिने ठेवावी, विकावी किंवा रान माजू द्यावे. तिच्या आयुष्याला मी एकदा अट घातली, तेवढी पुरे.

३. वाडीतून खाडीकडे उघडणारे मागचे बेडे, म्हणजे कुंपणातले फाटक, मी १९९८ साली कुलूप घालून बंद केले. ते कुलूप या आठवड्यात तोडून घेतले आहे. सखुबाई चोगले व त्यांच्या घरच्यांना तिथून येण्याजाण्याचा कायमचा हक्क मी देते. सखुबाई खडकावरची कालवे फोडून विकतात. माझ्या कुलपामुळे सत्तावीस वर्षे त्यांना टोपली घेऊन रस्त्याने वळसा पडला, आणि त्यांनी एकदाही मला बोल लावला नाही. म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

क्षिप्रा तेव्हा नववीत होती, माझ्याच वर्गात. चाचणीत मी विचारले होते: तीन चतुर्थांश आणि चार पंचमांश यांत मोठा कोणता, व कितीने? तिने जागा कोरी सोडली. गणिताच्या बाईंची मुलगी! मी सगळ्या वर्गासमोर तिच्या हातावर फूटपट्टी मारली. त्यातच कळले की ती शाळा बुडवून सखुबाईंबरोबर खडकावर जाते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर सखुबाई मागच्या दाराशी आल्या.

"बाई, पोरीला मारू नका," त्या म्हणाल्या. "लय हुशार हाय. माझी पाऊणपट चुकते म्हंते."

इथल्या माणसांना ठाऊक आहे, पण नातवंडांसाठी लिहिते. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. मी सखुबाईंना सुनावले की जिला अपूर्णांक येत नाहीत तिने पाऊणपटीच्या चुका काढू नयेत. क्षिप्रा खडकावर नेत असे ती वही, शिंपल्यांची समजून, काढून घेतली आणि न उघडता ट्रंकेत टाकली. दुसऱ्या दिवशी कुलूप आणले. माझे यजमान एवढेच म्हणाले की तिला त्यात गोडी आहे, जाऊ दे तिला. मी म्हटले, गोडीवर कोणी नोकरी देत नाही.

हे मी म्हणावे, याची आज लाज वाटते. लहानपणी मी थोरल्या भावाचे बीजगणिताचे पुस्तक पळवून माळ्यावर बसून गणिते सोडवत असे. जेवायच्या हाका मला ऐकू येत नसत. चौतीस वर्षे शिकवले, पण नोकरी करते आहे असे कधी वाटले नाही. आवड माणसाचे काय करते, हे मला पक्के माहीत होते. ती फक्त गणिताचीच असते, असा माझा समज होता.

४. वाडीचे कागद शोधताना ती वही ट्रंकेत सापडली. शिंपल्यांची दोन पाने सोडली तर सगळी भरतीची. तिथी, पाऊणपटीने येणारी वेळ, पाणी खरोखर भरल्याची वेळ, आणि फरक. सात महिन्यांच्या नोंदी आहेत. शेवटी लिहिले आहे: "पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा देते, पाणी बाराच्या सुमारास भरतं. दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात. पाऊणपट नको, चार पंचमांश घ्यावे." खाली चाचणीच्या आठ दिवस आधीची तारीख. मी सगळे पडताळून पाहिले. बरोबर आहे. दोन अपूर्णांकांतला फरक एक विसांश, आणि तासाचा विसावा भाग म्हणजे तीन मिनिटे. माझ्या प्रश्नाचे उत्तर तिने खडकावर बसून आधीच काढले होते. ते आणि माझा प्रश्न एकच आहेत, हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते. ते माझे काम होते.

क्षिप्रा आता माणगावात एका कचेरीत आहे. शिकवण्या मीच लावल्या होत्या, अर्जही मीच भरला होता. सतरा वर्षांत ती कामाबद्दल चांगले-वाईट एक वाक्य बोललेली नाही. महिन्यातून एका रविवारी येते, औषधे ठेवते, तीनच्या एसटीने जाते. गेल्या महिन्यात मी वही तिच्यापुढे ठेवली आणि माझे चुकले असे म्हणाले. तिने पाने उलटली, बराच वेळ पाहिली.

"अक्षर माझंच आहे," ती म्हणाली. "पण आई, मला आता यातलं काही कळत नाही."

वही टेबलावर ठेवून ती एसटीला गेली. मी पोटच्या पोरीचे काय घेतले ते मला तेव्हा कळले. ते परत देण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. वही क्षिप्राला देते. तिने फेकली तरी माझी तक्रार नाही.

५. सागवानी फूटपट्टी माझ्याबरोबर जाळावी. कंपासपेटी सुयशच्या मुलीला, शिवानीला, पण आधी तिला विचारावे. तिला काय आवडते हे मला माहीत नाही. सुयश, तुलाही माहीत नसेल तर खोल्या काढण्याआधी ते विचार.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

अनुसूया हरी मोघे

आमच्यासमोर सही झाली:
डॉ. रचना हिरामण पाटील
बाळाजी गोविंद दिवेकर, शेजारी

स्थळ: राहते घर, हरिहरेश्वराजवळ.
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, कार्तिक वद्य पंचमी.
आजची भरती पाऊणपटीने पावणेचारला, क्षिप्राच्या रीतीने चारला. बेडे उघडे आहे, पण खाडीपर्यंत जाऊन पाहणे आता माझ्याने होत नाही. मी चार धरले आहेत.