फोननं काढलेला चंद्र

मंगळवार, दिवेलागणीला

मिहानमधल्या कंपनीतली ड्यूटी सुटली तसा रूमवर येऊन गच्चीवर गेलो. काल काढून बाबाला पाठवलेला चंद्राचा फोटो डोक्यातून जात नाही. आठ दिवस झाले फोटो काढायला शिकून, फोन जुना, हात हलत होता. मग एवढे साफ खड्डे आले कसे?

सकाळी गावाहून बाबाचा फोन. "पोट्टं शाळेत टिकलं नाही, पण चंद्र धरून आणला, असं साऱ्या विणकरायले सांगितलं गा!" तेव्हापासून जास्तच टोचते.

बाबा साडी उलटी करून सांगतो, हातमागाची का यंत्रमागाची. फोटो उलटा कसा करू? मग समोरच्या गच्चीवरचा दुधी काचेचा गोल दिवा दिसला. त्यालाच झूम करून फोटो काढला. दिव्यावर खड्डे! गोल दिसलं की फोन चंद्र समजून स्वतःच भरतो.

रूममधला मंग्या हसला. "काहून डोकं लावून राहिला गा? चांगला दिसते ना?"

दिसते. पण ते खड्डे माझे नाहीत ना.

फोटो आपोआप सुधारायची सेटिंग शोधून बंद केली. फोन विटेला टेकवून पुन्हा चंद्र काढला. पांढरा, कडेला पसरलेला, मधात एक करडा डाग. तो बाबाला पाठवला आणि लिहिलं, "कालचा मशीनचा होता. हा हातचा."

लगेच फोन आला. "काठ वाकडा हाय गा. मंजे हातचाच. अजून काढ."

बरं वाटलं. पण सेटिंग खरंच बंद झाली का? उद्या पहिले त्या दिव्याचाच फोटो काढून पाहतो, खड्डे येतात का.